काचेच्या कपाटातला षट्कोन

आयटीआयमध्ये पहिले सहा महिने मी एकच लोखंड घासलं. पहिल्या दिवशी हातात दिलं तेव्हा ते विटेएवढं होतं. सहा महिन्यांनी काढून घेतलं तेव्हा पाकिटावर तिकीट म्हणून चिकटवता आलं असतं. सातपूरकडच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही वीस जण रांगेनं व्हाइसपुढं, म्हणजे लोखंड पकडून धरणाऱ्या शिकंज्यापुढं, उभं राहून कानस मारायचो, आणि तो आवाज म्हणे थेट त्र्यंबकच्या पुजाऱ्यांना ऐकू जायचा. खोटं वाटत असेल तर त्यांना विचारा. मी काही विचारायला गेलेलो नाही.

आमचे इन्स्ट्रक्टर शेडबाहेर कडुनिंबाखाली चहा पीत बसायचे आणि तिथूनच ओरडायचे, "सात नंबर, डावा खांदा!" सातव्या व्हाइसवरच्या पोराचा डावा खांदा खरोखर वर गेलेला असायचा. कानशीच्या आवाजावरून खांदा ओळखणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. इंग्रजीत सही करायला मात्र त्यांना दोन मिनिटं लागायची, आणि तेवढा वेळ आम्ही सगळे श्वास धरून उभे राहायचो. त्यांची परीक्षा एकच होती. जॉबला, म्हणजे घासून आणलेल्या लोखंडाला, काटकोनाचा गुण्या लावायचा आणि खिडकीकडे धरायचा. लोखंड आणि गुण्या यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली की जॉब परत. नाही दिसली की पुढचा. पेपर नाही, गाइड नाही, ओळखीचा मास्तर नाही. उजेडाला कुणाची चिठ्ठी चालत नाही.

मॅट्रिकला मला गणितात इतके मार्क होते की हेडमास्तरांनी ते दोनदा मोजले. तरी मी कॉलेजात गेलो नाही. आमची मखमलाबादच्या अंगाला फुलांची शेती. झेंडू, शेवंती, कडेला चार वाफे गुलाब. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, निकालाच्या दिवशी शेवंतीच्या वाफ्यात बसून खुरप्याच्या टोकानं मातीत माझं भविष्य काढलं.

"कॉलेज म्हंजी लय लांबचा पल्ला," ते म्हणाले. "तू दोन वर्सात हातात काम येईल ते शिक. तू लवकर उभा ऱ्हायला तर धाकटा उंच व्हईल."

धाकटा, म्हणजे माझ्याहून सहा वर्षांनी लहान भाऊ, तेव्हा चड्डी सावरत पाटात होड्या सोडत होता. त्याच्या उंचीसाठी मी पायरी व्हायचं ठरलं, आणि पायरीला कुणी विचारत नाही. मी हो म्हणालो. तेव्हा घरात नाही म्हणायची पद्धतच नव्हती, नाहीतर मी पहिला म्हणालो असतो.

आयटीआयच्या दुसऱ्या वर्षी आमच्या इन्स्ट्रक्टरांना कावीळ झाली. बदली माणूस येईना. त्यांनी घरून माझं नाव घेऊन निरोप दिला, पहिल्या वर्षाची पोरं याच्याकडे द्या. तीन आठवडे मी कडुनिंबाखाली बसलो, चहा प्यालो आणि ओरडलो, "चार नंबर, कोपर!" पहिल्या आठवड्यात कोपर ओळखायला चुकलो. दुसऱ्यात निम्मं जमलं. तिसऱ्या आठवड्यात हरसूलकडचा एक पोरगा, माझ्याहून फार तर वर्षानं लहान, जॉब घेऊन आला. आम्ही दोघांनी मिळून तो खिडकीला धरला. उजेड नव्हता. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "जमलं ना, सर?"

त्या एका शब्दानं माझं वाटोळं केलं. पुढं मी सातपूरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागलो, बरोबरीचे काही ओझरला विमानांच्या कारखान्यात गेले आणि लग्नाच्या बाजारात आमच्यापेक्षा चढ्या भावानं खपले. मला त्याचं काही वाटलं नाही. मला शिकवायचं होतं. पोरांपुढं उभं राहायचं होतं आणि खिडकीकडे लोखंड धरून सांगायचं होतं, की बघ, इथून येतोय उजेड.

त्यासाठी आणखी शिकावं लागेल म्हणून एकदा सुटी काढून मी कॉलेजच्या खिडकीवर चौकशीला गेलो. आत एक क्लार्क पेन्सिलीनं कान कोरत होता.

"आयटीआय झालोय," मी म्हणालो. "पुढं इंजिनिअरिंगला कुठून जायचं?"

"बारावी सायन्स झालंय?"

"नाही. पण दोन वर्षं ट्रेड केलाय. ड्रॉइंग केलंय, वर्कशॉपचं गणित केलंय."

"ते इथं धरत नाहीत. तुम्ही आपलं अकरावीला बसा."

"आणि तिथं वर्कशॉप शिकवतात का?"

"नाही. पण पुढं पहिल्या वर्षाला शिकवतात. आठवड्यातून तीन तास." मग त्याला माझी दया आली असावी. पेन्सिल कानातून काढून तो म्हणाला, "तुम्हाला येतंय ना सगळं? मग शिकता कशाला?"

असा हिशोब होता. आयटीआय हातांसाठी, विद्यापीठ डोक्यासाठी. दोघांच्या मध्ये पॉलिटेक्निक नावाचा एक पूल बांधलेला होता म्हणतात, पण त्या पुलावर आमच्या बाजूनं चढायला जागा जवळपास ठेवलेलीच नव्हती. इंजिनिअर चुकला तर फिटरनं सांभाळून घ्यायचं, फिटरला चार गोष्टी जास्त कळल्या तर त्यानं स्वतःला सांभाळायचं. कारखान्यात आलेल्या एका नव्या इंजिनिअरानं मला एकदा असं ड्रॉइंग दिलं होतं, की त्यातलं भोक बाहेरून पाडताच येत नव्हतं. पाडायचं तर आधी मला लोखंडाच्या आत जाऊन बसावं लागलं असतं. मी म्हणालो, साहेब, मी आत बसतो, डबा तेवढा वेळेवर पाठवा. त्यानंतर सहा महिने माझी ड्यूटी शेडच्या सगळ्यात गरम कोपऱ्यात लागली.

ऐंशीच्या पुढं आमच्याकडं पावसाळ्यात छत्र्या उगवाव्यात तशी खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजं उगवू लागली. एक आमच्याही शहरात उगवलं. इमारतीला अजून प्लास्टर नव्हतं, वर्कशॉपमध्ये व्हाइस होते पण त्यांना जबडे नव्हते, आणि प्रवेशासाठी ही झुंबड. धाकटा तिथं लागला. आबांनी त्या दिवशी घराला, सायकलीला, विहिरीवरच्या इंजिनाला आणि म्हशीच्या शिंगांनाही झेंडूच्या माळा घातल्या. म्हशीनं तिची खाल्ली.

पहिल्या वर्षी धाकट्याला फिटिंगचा जॉब करून द्यायचा होता. सरांनी फळ्यावर दोन जॉब काढले होते. एक साधा: एका पट्टीत इंग्रजी व्ही, दुसरीत त्याची खाच, दोन्ही एकमेकांत बसवायच्या. दुसरा अवघड: पट्टीत षट्कोनी भोक आणि त्यात नेमका बसणारा षट्कोन. ज्याला हिंमत असेल त्यानं दुसरा करावा. हिंमत कुणालाच नव्हती, कारण जबडे कुणाच्याच व्हाइसला नव्हते. वर्गातली निम्मी पोरं आयटीआयच्या पोरांकडून जॉब करून घेत होती. ही काही गुप्त गोष्ट नव्हती. आयटीआयच्या फाटकाबाहेर संध्याकाळी स्कूटर लागायच्या आणि कानशी वाजायच्या.

"दादा, साधा व्ही करून दे," धाकटा म्हणाला. "पास होण्यापुरता."

"तू कर. मी शेजारी उभा राहतो."

"मला गणिताचे पेपर आहेत रे. आणि तुला तर काय, चुटकीचं काम."

आईनं भाकरी थापता थापता माझ्याकडं पाहिलं. आबा नुसते खाकरले. आमच्या घरात खाकरण्याचा अर्थ 'देऊन टाक' असा व्हायचा.

इथं माझी चूक झाली, आणि ती कसबी माणसाचीच चूक आहे. बिनकसबी माणूस असला गाढवपणा करूच शकत नाही. साधा व्ही मागितलेला असताना मी षट्कोन केला. कारखान्यात, चार दिवस जेवणाच्या सुटीत, भाकरी डाव्या हातात आणि कानस उजव्या हातात धरून. ही थाप आहे. कानशीला दोन हात लागतात. भाकरी मी दातांत धरली होती.

कुणी बघणार नाही, कुणाला माझं नाव कळणार नाही, हे माहीत असूनही मला तो बावनकशी करायचा होता. षट्कोनाचं असं असतं, की तो भोकात सहा तऱ्हांनी फिरवून बसवता येतो. पण हातानं घासलेला षट्कोन एकाच जागी खरा बसतो. सहाही जागी बसणारा फक्त आमच्या इन्स्ट्रक्टरांनी केला होता, असं ते स्वतः सांगायचे. माझा एका जागी बसला. पण असा बसला, की दाबताना आतली हवा कुजबुजत बाहेर पडली, आणि खिडकीला धरला तर रेघ सोडा, उजेडाचा वाससुद्धा नाही. ती जागा सापडावी म्हणून मी पाठीमागच्या अंगाला दोन ठिपके मारले. एक षट्कोनावर, एक पट्टीवर. सेंटर पंचाच्या टोकाचे, इतके हलके, की डोळ्याला दिसत नाहीत, अंगठ्याला लागतात. ठिपक्यासमोर ठिपका आणायचा. प्रत्येक फिटरची अशी एक खूण असते. सहीची वेळ आमच्यावर येत नाही ना, म्हणून.

धाकट्याला पैकीच्या पैकी मार्क पडले. त्यावर न थांबता कॉलेजनं तो जॉब निळ्या मखमलीवर ठेवून काचेच्या कपाटात लावला. खाली कार्डावर धाकट्याचं नाव. विद्यापीठाची तपासणी समिती आली, की तिला आधी चहा द्यायचे आणि मग षट्कोन दाखवायचे. घरी ही बातमी आली तेव्हा आबांनी पुन्हा झेंडू काढला. या वेळी म्हशीला बांधून ठेवलं होतं.

तीन वर्षांनी त्याच कॉलेजनं वर्कशॉप इन्स्ट्रक्टर पाहिजे म्हणून पेपरात जाहिरात दिली. मी ती कात्रीनं कापून डब्याच्या झाकणात चिकटवली. रोज दुपारी झाकण उघडलं, की आधी जाहिरात, मग भाकरी. दहा वर्षं कानस हातात होती. शिकाऊ पोरं माझ्याकडंच पाठवायचे. मी अर्ज केला, आणि काय आश्चर्य, मुलाखतीचं बोलावणं आलं. धाकटा तेव्हा शेवटच्या वर्षाला होता. तो म्हणाला, "दादा, तिथं माझा भाऊ म्हणून सांगू नको हां. उगाच वशिला वाटेल." मला ते पटलं. मी इतका भोळा होतो.

प्राचार्यांच्या खोलीत तिघं बसले होते. मध्ये प्राचार्य, उजवीकडं विद्यापीठाकडून आलेले एक टाय बांधलेले गृहस्थ, आणि डावीकडं वर्कशॉपचे सुपरिंटेंडेंट. या सुपरिंटेंडेंटांचे हात मी आत शिरल्या शिरल्या पाहिले. उजव्या तळव्याला अंगठ्याच्या मुळाशी घट्टा. हा माणूस आमच्यातला होता.

टायवाल्यांनी विचारलं, "व्हॉट आर द टाइप्स ऑफ फाइल्स?"

मी मराठीत सांगू लागलो. चपटी, गोल, अर्धगोल, तीनधारी, मोठ्या दातांची, बारीक दातांची, कोणती कधी, कोणती कशावर चालवली तर रडते.

"इंग्लिशमध्ये सांगता येईल?"

"साहेब, कानस इंग्लिशमध्ये मारायची असेल तर तशी मारतो."

सुपरिंटेंडेंट खोकले. टायवाल्यांना हसू आलं नाही. ते उठले, कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटातून निळी मखमल उचलून घेऊन आले आणि माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "हे बघा. आमच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं केलंय. हातात कानस धरून त्याला तीन महिनेही झाले नव्हते. पण थिअरी पक्की असली ना, की हात आपोआप चालतो. विद्यापीठाच्या शिक्षणाचा हाच तर फरक आहे. या दर्जाचं काम तुम्ही शिकवू शकाल का?"

मी माझ्या षट्कोनाकडं पाहिलं. तीन वर्षांत त्याला कुणी तेलाचं बोट लावलं नव्हतं. कडांना गंज धरत होता.

टायवाल्यांनी षट्कोन ढकलून बाहेर काढला, प्राचार्यांना दाखवला, सुपरिंटेंडेंटांना दाखवला आणि परत बसवायला गेले. बसेना. त्यांनी फिरवला. बसेना. आणखी फिरवला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग प्राचार्यांच्या टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलून ते ठोकायला लागले. पहिला ठोका पडला आणि माझ्या दाढेत कळ गेली.

"थांबा साहेब," मी म्हणालो आणि दोन्ही तुकडे त्यांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतले. मी पाहिलं नाही. बघायची गरजच नव्हती. पाठीमागून अंगठा फिरवला, ठिपक्यासमोर ठिपका आणला आणि दाबलं. हवा कुजबुजली. षट्कोन आत गेला. सवयीनं मी तो खिडकीकडे धरला. उजेड नव्हता.

टायवाल्यांना कळलं नाही, की आता काय झालं. प्राचार्य घड्याळ बघत होते. पण सुपरिंटेंडेंट माझ्या अंगठ्याकडं बघत होते. त्यांनी हात पुढं केला, जॉब घेतला आणि स्वतःचा घट्टा पडलेला अंगठा पाठीमागून सावकाश फिरवला. तो एका जागी थांबला.

"हा जॉब तुम्ही याआधी पाहिलाय का?" त्यांनी विचारलं.

एवढ्यावर सगळं होतं. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, आणि पुढच्या प्रश्नाला मी खोटं बोललो नसतो. मला शेडमधला तो हरसूलचा पोरगा दिसला. आणि त्याच्या मागं धाकटा, शेवटची परीक्षा दोन महिन्यांवर. आणि शेवंतीच्या वाफ्यात खुरपं घेऊन बसलेले आबा. माझं एक वाक्य, आणि दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दिल्याबद्दल त्याची डिग्री गेली असती. दहा वर्षांची पायरी त्याच्या पायाखालून मीच ओढून काढली असती.

"नाही साहेब," मी म्हणालो. "अंदाजानं बसवला."

"अंदाज चांगला आहे," सुपरिंटेंडेंट म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात ते माझ्या मागं आले. तंबाखू मळत म्हणाले, "कार्डावरच्या मुलाचं आणि तुझं आडनाव एकच आहे रे."

"आमच्याकडं निम्म्या गावाचं तेच आहे."

"आणि ठिपकाही निम्मं गाव मारतं?"

मी अंगठा खिशात घातला.

"कितव्या वर्षाला आहे?"

"शेवटच्या."

त्यांनी तंबाखू दाढेखाली ठेवली. "गप्प बसलास ते बरं केलंस. तसाही तू नियमात बसत नाहीस. डिप्लोमा पाहिजे. पाच जण बोलावले पाहिजेत म्हणून तुला बोलावलं." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, जणू ते सांत्वनच होतं असं, म्हणाले, "मीही आयटीआयचाच. पुढं डिप्लोमा संध्याकाळचा केला, सहा वर्षं घातली. आता हातात कानस नाही, नुसता हजेरीपट. तू सुटलास म्हण."

मी म्हणालो नाही. पंधरा दिवसांनी पत्र आलं. आवश्यक शैक्षणिक पात्रता नसल्यामुळं विचार करता येत नाही. मी डब्याच्या झाकणातली जाहिरात नखानं खरवडून काढली. अर्धी निघाली नाही. ती तशीच राहिली आणि तिच्यावर रोज भाकरीची वाफ बसत गेली. मुलाखतीत काय झालं हे मी घरी सांगितलं नाही. धाकट्यानंही विचारलं नाही.

धाकटा इंजिनिअर झाला. वर्षभर त्याला कुठं नोकरी मिळेना, कारण एव्हाना सातपूरला दगड मारला तर तो इंजिनिअरलाच लागायचा, आणि मी दोन-तीन मारूनही पाहिले होते. शेवटी त्याला त्याच्याच कॉलेजनं लेक्चरर म्हणून ठेवून घेतलं. नव्या लेक्चररला कुणाला नको तो विषय देतात. धाकट्याला दिलं पहिल्या वर्षाचं वर्कशॉप.

तो आता कॉलेजजवळ खोली घेऊन राहायचा. रविवारी घरी आला तो पेपरात गुंडाळलेली नवी कानस घेऊन. मी अंगणात सायकल पुसत होतो.

"दादा, ही कशी धरायची ते जरा दाखव ना. उद्यापासून प्रॅक्टिकल आहे."

"इतकी थिअरी शिकलास. हात आपोआप चालेल की."

"टोमणे नको मारू रे. पोरं हसतील मला."

आबा ओट्यावर होते. ते खाकरले.

मी दाखवलं. पाय असे, कोपर असं, ढकलताना दाब, ओढताना नाही. तासाभरात त्याच्या तळव्याला दोन फोड आले. आई हळद लावायला धावली. माझ्या घट्ट्यांना तिनं कधी हळद लावली होती का, हे मी आठवायला लागलो, मग सोडून दिलं. सायकल चकचकीत पुसली.

जाताना तो फाटकाशी थांबला. "आणखी एक. तो कपाटातला षट्कोन ना, कुणीतरी ठोकून ठोकून त्याच्या कडा घालवल्या. पुढच्या महिन्यात समिती यायचीय. माझं नाव आहे त्याच्यावर. नवा करून देशील?"

मी केला. या वेळी जेवणाच्या सुटीत नाही, चांगला आठवडा घालवून. गुळगुळीत केला, तेल लावलं. एका जागी असा बसला, की आमचे इन्स्ट्रक्टर असते तर कडुनिंबाखालून उठून आले असते. मग तो काढला, पुसला आणि दोन तुकडे वेगवेगळ्या कागदांत गुंडाळून धाकट्याच्या हातात दिले.

ठिपके मात्र मारले नाहीत. तपासणी समिती कोणत्या बाजूनं बसवायचं ते थिअरीनं काढेल, असं मला वाटलं.

महिन्याभरानं एका कामासाठी त्या बाजूला गेलो तेव्हा पाय नकळत वर्कशॉपकडं वळले. धाकटा तासावर नव्हता. प्राचार्यांच्या खोलीतलं कपाट आता इथं आणून ठेवलं होतं. त्यात, निळ्या मखमलीवर, पट्टी एकीकडं आणि षट्कोन तिच्याशेजारी ठेवला होता. बसवलेला नव्हता. वर धाकट्याचं कार्ड, आता नावापुढं 'प्रा.' लावलेलं. खाली कुणीतरी चांगल्या अक्षरात नवी पाटी लिहून चिकटवली होती: हात लावू नये.

कपाटापुढं पहिल्या वर्षाची पाच-सहा पोरं उभी होती. ती पाटी वाचून त्यांनी हात मागं बांधून घेतले होते.